वास्तुशांतीचा फोटो

जयवंतानं कॅमेऱ्याची घडी उघडली, भाता पुढं ओढला आणि थोरल्या भावाची खुर्ची हातभर सरकवली. आता सुबरावच्या मागं आतल्या खोलीचा अंधारा दरवाजा येत होता. टिळकवाडीतल्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती.

कॅमेरा वडिलांचा, आप्पांचा; झाइस इकॉन, ड्रेस्डेनचा. युद्धानंतर जर्मनीबरोबर त्या कंपनीचेही दोन तुकडे झाले आणि दोघे एकाच नावासाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. गावी, निपाणीत, एवढी दगदग झाली नाही. आप्पांचे दिवस झाल्यावर सुबरावनं पंचांना सांगितलं की, आप्पा जाताना सगळं माझ्या नावानं बोलले. पंच जेवून उठले. आप्पांचा स्टुडिओ विकून हा बंगला उभा राहिला. गिऱ्हाइकाला कंगवा-पावडर देण्यापलीकडे सुबरावचा फोटोशी संबंध नव्हता, म्हणून कॅमेरा तेवढा धाकट्याला मिळाला.

या कॅमेऱ्यात फिल्म हातानं पुढं सरकवावी लागते. विसरलं तर एका फोटोवर दुसरा बसतो. जयवंता विसरला नव्हता. आप्पांचा कुणी न पाहिलेला एक फोटो त्याच्याकडे होता. तो काळ्या घोंगड्यावर ठेवून त्यानं आदल्या दिवशीच टिपला होता आणि फिल्म जागची हलवली नव्हती.

वास्तुशांतीचा फोटो त्यानं स्वतः धुतला. दरवाजात आप्पा उभे, कपाळाला आठी. सुबरावअण्णाची झोप उडावी, एवढीच माफक अपेक्षा होती.

सुबरावनं फोटो पाहिला, डोळे पुसले आणि पंचांना बोलावलं.

"बघा. आप्पा सोता आलते घर बघाय. आता कुनाला शंका?"

पंचांनी हात जोडले. फोटो मोठा होऊन सोफ्यासमोर लागला. जयवंतानं चहा न घेता निपाणीची बस धरली.

संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन गेला, तर सुबराव फाटकाबाहेर भिंतीआड बिडी ओढत होता. आप्पांच्या देखत त्यानं जन्मात बिडी पेटवली नव्हती. आत चंपावहिनी डोक्यावर पदर ओढून फरशीवर बसल्या होत्या. सासऱ्यांसमोर सोफ्यावर कसं बसायचं?

"मान अवघडली, भावजी," त्या कुजबुजल्या.

फोटो भिंतीवरून उतरवायची सोय नव्हती. आप्पा आल्याचं सुबराव गावभर सांगून बसला होता. फाटकापर्यंत सोडायला आल्यावर त्यानं आवाज खाली आणला.

"आप्पा कवा जानार रं?"

जयवंतानं त्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवला.

"सगळं तुझ्याकडं हाय त्यांचं, अण्णा. माझ्याकडं येऊन काय करतील?"