दादाने दिलेली गाडी

नर्स असलेल्या बहिणीला रात्रपाळीसाठी बसथांब्यावर ताटकळताना बघवत नाही, म्हणून दादाने कर्णाचा आव आणत, चार नातेवाइकांदेखत स्वतःच्या जुन्या गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. तिचे तर डोळेच भरून आले.

पहिल्याच रात्री कामावर जाताना उतारावरच्या वळणावर दोन्ही हेडलाइट एकदम गेले. तिने जीव मुठीत धरून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बंपर दरीच्या कठड्याला टेकला होता. तिने दादाला फोन लावला.

“दादा, अरे गाडी...”

“दिवे गेले ना? उतार लागला की जातातच,” दादा जेवता जेवता म्हणाला. “बॉनेटवर एक थाप मार, येतील. म्हणून तर मी अंधार पडल्यावर ती कधी बाहेर काढली नाही.”