दोनदा दाबलेली किल्ली

"दोन मिनिटांत आलो," म्हणून मुलाने गाडीचं दार आपटलं. खट्. आणि लगेच पुन्हा खट्. किल्लीचं बटण एकदा दाबून त्याचं कधी समाधान झालंय? मागच्या सीटवर जिवंत आई बसलीय, याचाही पत्ता नाही.

म्हातारीला त्याचं नवल वाटलं नाही. घरीही कामावर निघताना तो तिच्या खोलीला बाहेरून कडी घालायचा. एकदा तिच्या हातून गॅस चालू राहिला, तेवढं निमित्त पुरलं. "तुझ्याच काळजीपोटी गं, आई." काळजी म्हणे! डोंबलाची काळजी!

समोर जावयाचं गॅरेज. या दोघा मेव्हण्यांचा छत्तीसचा आकडा. पण गाडीची लॉकं हल्ली मनात येईल तेव्हाच उघडत होती आणि बाकीच्या मेकॅनिकांनी हात टेकले होते, म्हणून स्वारी नाक मुठीत धरून आज इथे आली होती. म्हातारीला आणलं ते डॉक्टरकडून परतताना, वाटेत.

ऊन थेट काचेवर येत होतं. तिने आतलं हँडल ओढलं. ते सैल पुढे आलं, सैल मागे गेलं, दार ढिम्म. दुसऱ्या बाजूचं ओढलं, तेच. काचेचं बटण दाबलं, काच हलेना. मग मात्र तिने काच बडवायला सुरुवात केली.

मुलगा वळला, किल्ली दाबली. दारात कुर्र झालं आणि थांबलं. पुन्हा दाबली. आता कुर्रसुद्धा नाही.

"दोनदा दाबलीत ना?" जावई धावत आला. "एकदा दाबलं तर आतून उघडतं. दोनदा दाबलं की दारातली मोटर हँडलचा आणि लॉकचा संबंधच तोडते, चोराने काच फोडून आत हात घातला तरी दार उघडू नये म्हणून. आत कोण बसलंय ते तिला काय कळतंय! आणि सोडवायलाही तीच मोटर फिरावी लागते. तुमच्या बॅटरीत जीव आहे का?"

"नवी बॅटरी आहे, दाजी!"

"आणि तो काचेवरचा कॅमेरा? गाडी बंद असली तरी चालूच ना? त्यानेच खाल्ली."

"कुणी ओरखडा काढला तर कळायला नको?"

"आता बघा बसून ओरखडे! द्या ती किल्ली."

किल्ली पुढच्या दारात शिरली, पण फिरेना. इतकी वर्षं बटणावर भागलं, त्या भोकात किल्ली म्हणून कुणी घातली नव्हती. आत गंज आणि मळ. जावयाने किल्ली काढली आणि गॅरेजमधून हातोडा आणला. मुलाने त्याचा हात धरला.

"काच फोडायची नाही!"

"अहो, आत तुमची आई आहे!"

"मला अक्कल शिकवू नका. तुम्हाला गाडी खुपतेय माझी, पहिल्या दिवसापासून!"

झालं. हातोडा दोघांच्या चार हातांत, आणि तोंडं काही केल्या थांबेनात. काचेआड म्हातारीला सगळं ऐकू येत होतं, जरा दबकं. श्वास पुरत नव्हता. पाठीला पदर चिकटला होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. ती घाबरली, अगदी मनापासून घाबरली. आणि त्याहून जास्त तिला राग आला. मी मेले तरी हा आधी काच बघेल!

"आई!" जावई हातोडा न सोडता ओरडला. "पुढे जा! स्टिअरिंगखाली बॉनेटचा खटका आहे, तो विजेवर नाही, तारेने ओढून चालतो! तेवढा ओढा!"

गुडघे तिचे जिने चढताना रडायचे. पण ती दोन सीटच्या फटीत घुसली, अर्धी अडकली, मुलाला चार शिव्या हासडल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर आडवी कोसळली. हाताला खटका लागला. तिने तो असा ओढला की आयुष्यात कुणाचा कान असा ओढला नव्हता.

बॉनेट उचकलं. जावयाने हातोडा टाकला, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या आणि किल्ली मेव्हण्याकडे फेकली. "आता दाबा. एकदाच!"

चारही दारं खडखडली. म्हातारी स्टिअरिंगला धरून बाहेर आली आणि पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायली.

"सवयीने दाबलं गं, आई," मुलगा म्हणाला. "चोरांसाठी असतं ते."

तिने तांब्या खाली ठेवला. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जावईबापू, एक पेचकस द्या."

"कुठला देऊ, सपाट की फुलीचा?"

"फुलीचा. खोलीचं दार उघडं असतं तेव्हा स्क्रू रोज बघून ठेवलेत मी."

जावयाला काही कळलं नाही, पण त्याने दिला. मुलाला कळलं. त्याचा चेहरा पडला. "आई, अगं, कडी तर तुझ्या..."

"घर माझं आहे," ती म्हणाली. "कडीशिवाय झोप येत नसेल, तर तू दुसरं बघ. चल, गाडी काढ. मी पुढे बसणार आहे."