शंभर लिटरची टाकी

तो एकोणीस वर्षं पंप ऑपरेटर होता. मग पंप आपोआप चालू-बंद व्हायला लागले आणि साहेबांनी सांगून टाकलं, "प्रोग्रामिंगची परीक्षा पास झालात तर कंट्रोल रूममध्ये घेऊ. संधी एकच." वय एकावन्न.

लेक कॉम्प्युटरचंच शिकलेली. तिनं त्याला चार महिने जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

"बाबा, क्लास म्हणजे शिकवणी नव्हे हं. साचा. वस्तूत काय असतं आणि ती काय काय करते, ते त्यात लिहायचं. मग त्या साच्यातून हव्या तेवढ्या वस्तू काढा."

तो दोन बोटांनी टाइप करायचा. एखादा कंस राहून जायचा, स्क्रीन लाल व्हायची आणि लेक कपाळाला हात लावायची.

परीक्षेत नेमका टाकीचाच प्रश्न आला. शंभर लिटरच्या टाकीचा क्लास लिहा, पाणी भरा, उपसा, चाचण्या घ्या. त्याला हसूच आलं. त्यानं रिकामी टाकी उपसून पाहिली, उणे पाणी ओतून पाहिलं. त्याच्या सहाही चाचण्या हिरव्या. वेळ संपल्यावर परीक्षक बाईंनी आपल्या पाच चाचण्या चालवल्या. तीन लाल.

"काका, शंभर लिटर ओतले तरी तुमची टाकी पंचाण्णवलाच थांबते."

"थांबायलाच हवी. काठोकाठ कोण भरतं? भिंती भिजतात."

"प्रश्नात शंभर लिहिलंय."

"एका आकड्याचं तर काम आहे. बदलतो की लगेच."

"आता नाही बदलता येत." बाईंनी मान खाली घालून 'नापास' असा शेरा लिहिला.

घरी लेक आधी भडकली. "कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? मी शिकवलं होतं का असं?" मग तिलाच रडू आलं. त्याला तिची समजूत घालता येईना. तो नुसता म्हणाला, "तू चांगलं शिकवलंस गं. माझ्याच डोक्यात नाही शिरलं."

सोमवारी त्यानं पंपघराच्या किल्ल्या, टॉर्च आणि गमबूट जमा केले. कारकुनानं बुटांचा नंबर विचारून लिहून घेतला.

"आता काय करणार, काका?"

"बघू."

बाहेर स्टॉपवर तो बाकावर बसला. त्याची बस आली, थांबली, निघून गेली. दुसरी आली, तेव्हाही तो उठला नाही.