भासऱ्यासमोरचा पदर

मी कॅन्सरवर काम करतो, पण मी डॉक्टर नाही. हे वाक्य मी आमच्या गावी, दवनीवाड्यात, इतक्या वेळा बोललोय की शेवटी कंटाळून सोडून दिलं. १९९९ साली हैदराबादच्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा गावात बातमी पोचली ती अशी, की टेंभऱ्यांचा खेमराज कॅन्सरचा मोठा डॉक्टर झाला. मी समजावून पाहिलं. पेशींना बाहेरून निरोप येतात, वाढ, थांब, मर. पेशीच्या आत तो निरोप एक प्रथिन दुसऱ्याला देतं. कॅन्सरमध्ये 'वाढ' हा एकच निरोप अडकून बसतो आणि काही केल्या थांबत नाही. त्यातल्या एका प्रथिनाच्या मागे मी हात धुऊन लागलो होतो. गावकरी शांतपणे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि विचारायचे, "मंग गोळी कोनती देता जी?"

२००७ मध्ये प्रोफेसर झालो तेव्हा शाळेत सत्कार ठेवला. फलकावर माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, 'कॅन्सरचे कर्दनकाळ'. मी हेडमास्तरांना म्हटलं, अहो, हे खोटं आहे. ते म्हणाले, "राहू द्या ना सर, छपून आलं आता." राहू दिलं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

आमच्या घरात धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडं टाकत नाही आणि त्याच्याशी बोलतही नाही. माझा धाकटा भाऊ चैतराम. त्याची बायको जमुना १९९२ साली घरात आली, आणि मी तिचा चेहरा कधीच पाहिला नव्हता. मला ठाऊक होते ते तिचे हात आणि हनुवटीपर्यंत ओढलेला पदर. मला काही विचारायचं असलं की ती तिच्या मुलीला, आचलला, सांगायची, "मोठेबाबांले विचार, भात वाढू का?" ती चार हातांवर उभी असायची, मला स्पष्ट ऐकू यायचं, तरी मी आचलने विचारेपर्यंत थांबायचो आणि उत्तर आचललाच द्यायचो. हैदराबादेत मी हे मित्रांना हसत हसत सांगायचो. घरी आल्यावर मात्र 'हे बंद करा' असं एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही. भासरा म्हणून मिळणारा मान मला आवडत होता, हे आता कबूल करायला हवं.

२००८ च्या दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, घरी गेलो होतो. ओसरीवर खाटेवर बसून एका विद्यार्थ्याचा शोधनिबंध तपासत होतो. आतून जमुनाचा आवाज आला, "आचल, मोठेबाबांले विचार, तोंडात छाला येऊन रायला, जात नाई, तर का करावं?"

आचल दारात आली आणि तेच म्हणाली. कोणाच्या तोंडात, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, पोरीच्याच असेल, कॉलेजात जाते, वेळेवर जेवत नसेल. घरातल्या बाया रोज सकाळी गूळ-तंबाखूची काळी गुडाखू दातांना घासतात हे मी लहानपणापासून पाहिलंय. जमुनाही घासायची. त्या वेळी ते माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही.

"बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घे म्हणा," मी म्हणालो, आणि पुन्हा वाचायला लागलो. मी ज्यावर लाल रेघा मारत होतो तो निबंध तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवरचाच होता.

पुढच्या जुलैमध्ये, भाताच्या रोवणीच्या दिवसांत, चैतरामचा फोन आला.

"भाऊ, जमुनाचं तोंड उघडून नाई रायलं. घास जात नाई. पेज पिऊन रायली."

"कधीपासून?"

"छाला त मंडईपासूनच होता ना. तुमी गोळ्या सांगतल्या होत्या, त्या चालूच आहेत."

"आणखी कोणाला दाखवलं?"

"दुसऱ्याले कायले दाखवायचं? घरचाच डॉक्टर असल्यावर?"

त्याच्या आवाजात जराही राग नव्हता. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. ती ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी सतरा वर्षांत पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली. म्हणालो, "जमुना, मला तोंड पाहू दे." ती हलली नाही. चैतराम वैतागला, "अवो, दाखव ना! काऊन लाजून रायली? भाऊच आहेत." तरी नाही. मग मी हात जोडले. भासऱ्याने हात जोडलेले तिला बघवले नसावेत. ती वळली आणि तिने पदर मागे सारला.

चेहरा गव्हाळ, कपाळावर मोठी टिकली, डावा गाल फुगून चकाकत होता. मी म्हणालो, उघड. तिने जीव एकवटून उघडलं, आणि दातांच्या दोन ओळींमध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढी फट पडली. बॅटरीच्या उजेडात दातांपलीकडे काहीच दिसेना. वास मात्र आला. प्रयोगशाळेत आम्ही याच पेशी गुलाबी द्रवात वाढवतो, तिथे असला वास येत नाही. मी बॅटरी विझवून चैतरामकडे दिली.

नागपूरला नेलं. तिथल्या सर्जनने तपासणीचे सगळे कागद पाहिले आणि मला बाजूला घेतलं. जबड्याच्या हाडात गेलाय, मानेतल्या गाठीही धरल्यात, आता कापण्यासारखं राहिलं नाही. सुरुवातीला आल्या असत्या तर गालाचा छोटा तुकडा काढून भागलं असतं, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "आपण काय करता?"

"शिकवतो," मी म्हणालो.

त्या गालात कोणतं प्रथिन कोणाला काय निरोप देत असेल हे मी फळ्यावर काढून दाखवू शकलो असतो. ते थांबवणारं औषध आमच्याकडे अजून उंदरांपर्यंतच पोचलं होतं. दहा वर्षांच्या कामातली एकही गोष्ट त्या बाईच्या तोंडात घालण्यासारखी नव्हती, आणि मी जी घातली ती बी-कॉम्प्लेक्सची गोळी होती.

बाहेर बाकावर जमुना बसली होती, चैतराम शेजारी उभा. आचल गोंदियाला परीक्षेत अडकली होती. मी समोर आलो तशी जमुनाने पदराला हात लावला आणि मग तो तसाच खाली सोडला. तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. आवळलेल्या दातांमधून शब्द नीट येत नव्हते, तरी मला कळत होते.

"डागदर का म्हणला, मले नाई समजलं. तुमी सांगा जी. मी बरी होईन का?"

माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती. मी तिच्याकडे पाहिलं. मी चैतरामकडे वळलो.

"तिला सांग," मी म्हणालो, "होईल बरी म्हणावं."