बांधावरची कुऱ्हाड

"सर, त्या लोके कुऱ्हाड पुरतस, तव्हय दोन्ही जन हाजर लागतस का?"

शाळा सुटल्याची घंटा देऊन झुलाल थेट माझ्या टेबलाशी आला होता. झुलाल आमच्या शिरपूरच्या शाळेचा शिपाई. मी तिथे इंग्रजी शिकवायचो. म्हणजे फळ्यावर वाक्प्रचार लिहून मुलांच्या पोटात गोळा आणायचो. त्या दिवशी लिहिला होता, 'टू बरी द हॅचेट'. अर्थ, वैर मिटवणे. अमेरिकेतले मूळचे लोक तह करताना आपापल्या कुऱ्हाडी जमिनीत पुरत, त्यावरून आलेला. मुलांनी जांभया देत उतरवून घेतला. दाराबाहेर स्टुलावर बसलेल्या झुलालने मात्र तो ऐकला होता.

"दोघंही लागतात," मी पुस्तकी ठसक्यात म्हणालो. "एकट्याचा तह कसला?"

झुलाल मान खाली घालून गेला.

त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. बांधावरच्या निंबावरून अकरा वर्षांपूर्वी, चव्वेचाळीस साली, त्याने थोरल्या भावावर, तोतारामवर, कुऱ्हाड उगारली. उगारली कसली, हाणलीच. तेव्हापासून तोतारामच्या डाव्या हाताची मूठ वळत नाही. दोघांत बोलणं बंद. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बापाच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात, तीही दोन घरांत दोन. "बाप कोनता घर पानी पेस, कोनले ठाऊक," असं झुलाल एकदा सहज बोलून गेला होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळीच तो माझ्या दारात उभा. "तुम्हीनच सांगेल शे, आते साक्षीले चाला."

निंबाच्या उरलेल्या खुंटाशी त्याने खड्डा खणायला घेतला. कुऱ्हाड शेजारी पडली होती. ती त्याने कधीच फेकून दिली असेल असं मला वाटायचं. पण अकरा वर्षं ती घरात खुंटीला होती आणि तिने एक काटकीही तोडली नव्हती. तोतारामला निरोप गेला होता. ऊन चढलं, तरी तो येईना. मला माझ्या ठसक्याची लाज वाटू लागली. फळ्यावरच्या एका ओळीपायी मी या माणसाला तोंडघशी पाडणार होतो.

मग तोताराम आला आणि बांधापलीकडे उभा राहिला. झुलालने वर पाहिलं नाही. त्याने कुऱ्हाड खड्ड्यात ठेवली.

"आखो खोल खंद," तोताराम म्हणाला. "नांगरले लागी."

झुलालने कुऱ्हाड बाहेर काढली आणि पुन्हा खणू लागला. त्याचे डोळे वाहत होते, हात थांबत नव्हते. खड्डा कमरेइतका झाला, कुऱ्हाड तळाशी गेली, तेव्हा तोताराम बांध ओलांडून आला. खाली बसून तो माती लोटू लागला, उजव्या हाताने आणि त्या डाव्या, उघड्या राहिलेल्या पंजानेही. समुद्रापारच्या कुणा लोकांची रीत खानदेशच्या बांधावर घडताना मी पाहत होतो. मी वहाणा काढून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी आखाजीला मी झुलालकडे गेलो. दाराला कडी होती. सगळे तोतारामकडे गेले होते. बाजारातून आणलेली नवी घागर ओट्यावर कोरडीच होती.