साडेआठ शेरांचा पासंग

मित्रांनो, तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर, कोळ्यांच्या जाळ्यांत, माझ्यासारखी कुणी पडली असेल तर तिला आधी नमस्कार करा. मी एक जुनी तागडी आहे. माझी दांडी बाभळीची, पारडी लोखंडी, परातीएवढी रुंद, आणि मधोमध बोटाएवढा काटा. आळंदीजवळच्या चऱ्होली गावात एका लोहाराने मला घडवलं आणि तोलारी रामजीच्या हवाली केलं. तोलारी म्हणजे गावाचा माल तोलून देणारा माणूस. कांदा, मिरची, गूळ, भुईमूग, सगळं माझ्या पारड्यांतून गेलं.

माणसांची पारख मी तिथेच शिकले. तागडीपुढे उभा राहिलेला माणूस समोरच्या माणसाकडे कधी बघत नाही, तो काट्याकडे बघतो. विकणारा एका डोळ्याने, घेणारा दोन्ही डोळ्यांनी. देवळात एवढं ध्यान लागलं असतं तर गावाचा केव्हाच उद्धार झाला असता.

रामजीला दोन लेकरं. थोरली ठकुबाई, धाकटा सावळाराम. बापाजवळ बसून ठकू तोलाईचं सगळं शिकली. लबाड व्यापारी पारड्याच्या कडेवर पदराआडून, धोतराआडून अंगठा कसा टेकवतो, तेही तिला बापानेच दाखवलं. "दाब कळला पायजे पोरी, द्यायचा न्हाई," असं तो म्हणायचा. ठकूच्या हाताला तो दाब असा कळायचा की पावशेराची चूक व्हायची नाही. हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

ठकूचं लग्न झालं, नवरा लवकर गेला आणि ती वर्षाच्या गेनूला घेऊन माहेरी आली. एका बाजाराच्या दिवशी, दुपारी, कांद्याचं तोलणं संपल्यावर कुणाला तरी गंमत सुचली आणि गेनूला माझ्या डाव्या पारड्यात बसवलं. पोर खदखदा हसत होतं. रामजीने ओरडून सांगितलं, "साडेआठ शेर!" आणि ओसरीवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. "अगं बया, केवढं जड ग पोर!"

बाराव्या दिवशी गेनू तापाने गेला.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. त्या घरात गेनूचं नाव कुणी काढेना. आणि माझं डावं पारडं, रिकामं असतानाही, गव्हाच्या दाण्याएवढं खाली राहू लागलं. दोन पारड्यांतल्या अशा फरकाला पासंग म्हणतात. रामजीने उजव्या बाजूला चिंधीत बांधलेला खडा लटकावला आणि काटा सरळ केला. सकाळी पाहिलं तर डावं पारडं पुन्हा खाली. त्याने खडा बदलला. पुन्हा तेच. "लोखंड झिजतंय," तो म्हणाला. मित्रांनो, झिजलेलं पारडं वर जातं, खाली येत नाही. तोलाऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण काही हिशेब माणूस मुद्दाम चुकीचे मांडतो.

मला मात्र ठाऊक होतं. वजन म्हणून नव्हे, एखाद्या झोपलेल्या पोराची ऊब मांडीला कळावी तसं.

त्याला अठरा वर्षं झाली. रामजी गेला. सावळारामाचं लग्न झालं, पुतळाबाई सून म्हणून आली, त्यांना मंजुळा झाली. तिकडे पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. सावळाराम सायकल मारत तिथे बांधकामावर जाऊ लागला. मी ओसरीवरच्या तुळईला लटकून राहिले. सुगीत काम, एरवी चिमण्यांचा झोपाळा.

मंजुळा पाच वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस पोर डोळे उघडेना. पुतळाबाईने महादेवाला नवस केला, "माझी पोर उठू दे, तिच्या भारोभार गूळ वाटीन." चिंचवडच्या डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या. बाविसाव्या दिवशी ताप उतरला. महादेव म्हणाले मी केलं, गोळ्या म्हणाल्या आम्ही. श्रेयाचं वजन करायला मला कुणी बोलावलं नाही.

डॉक्टरांनी बजावलं, "आतडी अजून नाजूक आहेत. मऊ भात, पेज, दूध द्या, पण थोडं थोडं आणि वेळच्या वेळी. उपाशी ठेवू नका. आणि दर सोमवारी वजन करा. वाढलं पाहिजे."

पहिल्या सोमवारी मंजुळाला माझ्या डाव्या पारड्यात बसवलं. बारा शेर. त्यापेक्षा पोतंभर पिसं जड. ती बसली ती एका कडेला अंग चोरून, जशी बैलगाडीत शेजारच्याला जागा करून देतात तशी.

"मधे बस की ग," सावळाराम म्हणाला.

"मधे तो बसलाय," मंजुळा म्हणाली.

आजारातून उठलेलं पोर, बरळतंय, असं म्हणून सगळे हसले. ठकुबाई हसली नाही. वजनं टाकायचं काम तिचं होतं. ती उजव्या पारड्याशी बसली होती, आणि तिच्या हातातलं अर्ध्या शेराचं वजन दगडावर पडून वाजलं.

दुसऱ्या सोमवारी मंजुळा साडेबारा शेर होती. पण मी दाखवले बाराच. कारण उजव्या पारड्याच्या कडेवर, पदराखाली, ठकुबाईचा अंगठा टेकला होता. अर्ध्या शेराचा दाब, एक छटाक इकडे नाही की तिकडे नाही. आयुष्यभरात त्या घरातला पहिला खोटा तोल, आणि तो माझ्याकडून करवून घेतला तो तोलाऱ्याच्याच लेकीने.

तिसऱ्या सोमवारी मंजुळा तेरा शेर, आणि काटा पुन्हा बारावर.

पुतळाबाई आता काट्याकडे नाही, लेकीकडे बघू लागली. "वन्सं, पेज पिते, दूध पिते, वाटी चाटून पुसून ठेवते. आन अंगाला काय लागत न्हाई. मग खातंय कोन?"

"लागंल हळूहळू," ठकुबाई म्हणाली. तिची नजर जमिनीवर.

हा प्रश्न फार वाईट, मित्रांनो. एकदा घरात शिरला की तो प्रत्येक कोपऱ्यात जाऊन बसतो. भर दुपारी, गाव सामसूम असताना, मंजुळा माझ्याखाली बसून डाव्या पारड्याला हलकेच झोका देई. "पडशील हं," असं म्हणे. पुतळाबाई दारातून बघे. वारा नसे. मंजुळाने हात काढला तरी पारडं त्याच लयीत झुलत राही, आणि थांबायचं तेव्हा एकदम थांबे. पुतळाबाईने एक दिवस लेकीची वाकळ स्वतःच्या शेजारून उचलली आणि ओसरीवर टाकली. दिवसातून सात वेळा पोरीचा ताप हाताने चाचपणारी बाई आता पेजेची वाटी दुरून सरकवू लागली.

"आई, जवळ ये ना," मंजुळा म्हणायची.

"काम हाय," पुतळाबाई म्हणायची, आणि आत जाऊन रडायची. "माझी मंजी तापातच गेली. ह्ये उठलंय ते दुसरंच कायतरी हाय," असं ती एकदा उखळाशी बोलली. उखळाने ऐकून घेतलं. त्याचं कामच ते.

चौथ्या सोमवारी तिने दिघीकडचा कोंडाजी भगत बोलावला. भगत दुपारीच आला. मोठ्या डोळ्यांचा, मोठ्या पोटाचा. माझ्यासमोर पाट टाकून बसला, आधी चहा प्याला, मग गंभीर झाला. मंजुळाला पारड्यात बसवलं. ती पुन्हा एका कडेला सरकली. खरं वजन साडेतेरा. काटा बारावर.

भगताने डोळे मिटले. "पोटात खानारं बसलंय. पोरगी रिकामी, त्ये भरलेलं."

"मग काय करायचं, महाराज?" पुतळाबाईचा आवाज फाटला.

"तीन दिवस अन्नाचा कन द्यायचा न्हाई, पान्याचा थेंब न्हाई. गोठ्यात कोंडायची. भुकेनं खानारं निघून जाईल. राहील ती तुमची."

सावळाराम चाचरला. "डाक्टर म्हनले, उपाशी ठेवू नका..."

"डाक्टरनं वजन वाढवलं का?" भगताने माझ्याकडे बोट केलं. "काटा बघा की राव!"

सगळ्यांनी काटा बघितला. मी सांगितलं ना, माणसं काट्याकडे बघतात. तो शपथेवर खोटं बोलत होता. मी लोखंडाची; मला लाज वाटत नाही असं लोक समजतात.

पुतळाबाईने पदर डोळ्यांना लावला, आणि हळूच मान डोलावली.

मंजुळाने विचारलं, "आई, मला पेज न्हाई देणार?"

पदराखालचा अंगठा किंचित सैल झाला. मला आधी कळलं. ठकुबाईने पदर बाजूला केला आणि हात वर उचलला, सगळ्यांना दिसेल असा.

काटा गर्रकन फिरला. मंजुळाचं पारडं दाणकन जमिनीला टेकलं.

"आक्का, ह्ये काय?" सावळाराम ओरडला.

ठकुबाईने एक शेर टाकला, मग अर्धा. काटा सरळ झाला. "साडेतेरा," ती म्हणाली. "साडेतेरा शेर हाय तुझी पोर. दर सोमवारी वाढलीया. दाब मी दिला."

"का वं वन्सं? का?" पुतळाबाई.

"ह्याच पारड्यात माझा गेनू बसला व्हता. आबांनी वजन वरडून सांगितलं, समद्या गावानं ऐकलं. बाराव्या दिशी गेला." तिचा आवाज कोरडा होता, विहिरीचा तळ खरवडावा तसा. "म्हनलं, हिचं खरं वजन कुनाच्या कानावर पडायला नको. दिष्टच लागू ने. पोर वाढतीया ह्ये माझ्या मला ठावं, बास. तुझ्या मनात असलं काय येईल ह्ये न्हाई आलं ग ध्यानात, पुतळे."

भगताने पाट आवरायला घेतला. "आत्मा लई चलाख हाय," तो म्हणाला.

"व्हय, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं," सावळाराम म्हणाला आणि त्याला दारापर्यंत पोचवून आला.

पुतळाबाईने लेकीला पारड्यातून उचललं. नुसती उचलली नाही, तोलली. दोन्ही हातांनी, छातीशी धरून, वर-खाली. आईच्या हातांना काटा नसतो, पण चूक होत नाही. "माझीच हाय ग," ती म्हणत राहिली, "माझीच हाय."

ही गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हांला सांगितलीच नसती. असल्या गोष्टी दर घरात घडतात.

पुढच्या महिन्यात नवस फेडायचं ठरलं. मंजुळा आता चौदा शेर. मला घासूनपुसून झेंडूची माळ घातली, देवळापुढच्या लिंबाला टांगलं. सावळारामाने सोळा शेर गूळ आणला, दोन शेर वर असावा म्हणून. पुतळाबाई नणंदेला म्हणाली, "वन्सं, गूळ तुमीच टाका. पर अंगठा लांब बरं का!" बायका हसल्या. ठकुबाईही हसली, बऱ्याच दिवसांनी.

मंजुळा डाव्या पारड्यात बसली. सवयीने कडेला सरकली. मग तिने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मांडी थोपटली आणि म्हणाली, "ये. आज माझ्या मांडीवर बस."

अठरा वर्षं जे मला नुसतं जाणवत होतं, त्याला त्या क्षणी भार आला.

ठकुबाईने गूळ टाकला. दहा, बारा, चौदा शेर. पारडं हललं नाही. सोळा. नाही. सावळारामाने माझी दांडी तपासली, साखळ्या झटकल्या. शेजारच्या एका बाईने घरातून ढेप आणली. अठरा, वीस. भर माध्यान्हीला लिंबाची सावली पायाखाली आली होती आणि एक पान हलत नव्हतं. मंजुळाचे हात पोटाशी असे गुंफलेले होते, जसं कुणी निसटू नये.

"बावीस," कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं.

ठकुबाईचा हात थांबला. तिचे ओठ हलले. बावीसातून चौदा गेले, आठ. गावातल्या कुणाला तो आकडा आठवत नव्हता. सावळाराम तेव्हा पोरसवदा होता. तो आकडा दोघींनाच ठाऊक होता, तिला आणि मला. त्या मुलीसमोर गेनूचं नाव त्या एका सोमवारी निघालं होतं, पण आकडा कधीच नाही.

तिने गुळाचा अर्ध्या शेराचा खडा निवडला. घाई केली नाही. तो गुळावर ठेवला, पोराला झोपवून हात काढून घेतात तसा हात काढून घेतला.

काटा सरळ झाला.

"आत्या," मंजुळा म्हणाली, "तो उतरला. गूळ मागतोय."

मुलीचं पारडं भस्सकन वर गेलं. लोकांत गलका झाला. कुणी महादेवाचं नाव घेतलं, कुणी काढता पाय घेतला. ठकुबाईने वरचा साडेआठ शेर गूळ वेगळा काढला आणि गावातल्या रांगत्या, चालत्या पोरांच्या तोंडात स्वतःच्या बोटाने घातला. शेवटी गूळ माखलेलं बोट तिने तसंच, रिकाम्या पारड्यापुढे, थोडा वेळ धरलं.

त्या दिवसापासून माझं डावं पारडं खाली झुकलं नाही. पासंगाचा खडा ठकुबाईने सोडून घेतला आणि मरेपर्यंत कमरेच्या पिशवीत ठेवला.

पुढे किलो आले, शेर गेले. माझी वजनं लोहाराने वितळवली. मला माळ्यावर टाकलं. मंजुळा मोठी झाली, लग्न होऊन चिंचवडला गेली, तिच्या लेकरांची वजनं दवाखान्यातल्या पांढऱ्या काट्यावर झाली. तक्रार नाही. कामाला आलेल्या वस्तूला लोक विसरतात, आणि न आलेलीलाही. त्यात पक्षपात नाही.

मित्रांनो, मागणं एवढंच. मला मोडीत द्यायचं असेल तर द्या, पण गंज तेवढा पुसून द्या. घरात कुणी आजारातून उठत असेल तर त्याच्या वजनावर भीतीचा अंगठा ठेवू नका. भीती दाबली की ती दुसऱ्याच्या पारड्यात जाऊन बसते. आणि जे गेले त्यांचं नाव घरात घेत जा. नाव घेतलं नाही म्हणून ते जात नाहीत. ते रिकाम्या पारड्यात बसून राहतात, कुणी जागा करून देईपर्यंत.

मी आता अगदी सरळ आहे, दोन्हीकडे सारखी रिकामी. तोलाऱ्याला यापेक्षा काय हवं? पण खरं सांगू? कधी माळ्यावर आलात आणि माझ्या डाव्या पारड्यात बसावंसं वाटलं, तर बसा. फक्त जरा कडेला सरकून बसा.