हात चुकला

देवदत्तसाहेब शूटिंगला राष्ट्रीय संघाचा ब्लेझर घालून आले होते. आयुष्यात या माणसानं एकदाही रायफल खांद्याला लावली नव्हती, पण ब्लेझर त्याच्याकडे दोन होते, एक उन्हाळ्याचा आणि एक थंडीचा. नमिताकडे एकच होता. तोही वेसाव्याच्या घरी, राधावहिनीच्या कपाटात डांबरगोळ्या खात पडला होता.

नाहूरच्या नेमबाजीच्या रेंजवर पंखे बंद ठेवावे लागतात, नाहीतर टारगेटचे कागद हलतात. त्यामुळे साहेब ब्लेझरमध्ये मस्त उकडून निघत होते. व्हीलचेअरवर बसून नमिता ते बघत होती आणि तिला बरं वाटत होतं.

देशाच्या दिव्यांग नेमबाजी संघाच्या इतिहासावर संघटना फिल्म काढत होती. साहेब संघटनेचे अध्यक्ष, म्हणजे इतिहासही साहेबांचाच. साहेबांचा संघर्ष, साहेबांची दूरदृष्टी, साहेबांनी विमानतळावर अडवलेल्या रायफली कशा सोडवून आणल्या वगैरे. 'दिव्यांग' हा शब्द ते डोळे मिटून, हळू आवाजात उच्चारत. ज्यांनी पदकं आणली ती माणसं मधूनमधून येऊन जात होती. नमिताच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं: 'निर्णायक क्षणी नमिताचा हात चुकला आणि देशाचं पदक हुकलं.'

ते वाक्य पेपरात आलं तेव्हा तिनं गिळलं होतं. आता ते फिल्ममध्ये जाणार, प्रत्येक शिबिरात दाखवलं जाणार. नवीन पोरं तिच्याकडे बघून म्हणणार, हीच ती, हात चुकलेली. तिला ते वाक्य काढून हवं होतं. सकाळी तिनं अंधेरीहून आलेल्या दिग्दर्शकाला, सुयोगला, तसं सांगूनही पाहिलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, स्क्रिप्ट साहेबांनी पास केलंय ना."

आणि हात चुकणार तरी कुठून? पोलिओनं नमिताचे पाय नेले तसा खांदाही नेला. रायफलचं वजन तिच्या हातांना पेलत नाही म्हणून रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवतात. छर्रा भरायला शेजारी लोडर बसतो. नेम तिचा, ट्रिगरवरचं बोट तिचं, भरणारा हात दुसऱ्याचा. तिची लोडर कायम राधावहिनी. सकाळचा मासळीचा धंदा आटपून वहिनी तिच्याबरोबर रेंजवर यायची आणि दोघी एक शब्द न बोलता सराव करायच्या.

पदक हुकलं त्या परदेशातल्या स्पर्धेला मात्र लोडर म्हणून स्वतः साहेब गेले. "मासे विकणारी बाई परदेशात काय नेता?" असं ते म्हणाले होते, तेही वहिनीच्या देखत. पात्रता फेरी कशीबशी निभली. फायनलला टीव्हीचे कॅमेरे आले आणि साहेबांचं लक्ष उडालं. शेवटचा छर्रा भरताना ते टाय सारखा करत होते. नमितानं ट्रिगर दाबला आणि आवाजच फुटका आला. नेम मधोमध, दहावर होता, भोक पडलं सातच्या वर्तुळात. छर्रा उलटा भरला गेला होता, हे तिला आवाजावरून तिथेच कळलं. पण झाडलेला छर्रा दाखवायचा कसा? आणि साहेबांनी तोवर बाहेर जाऊन पत्रकारांना सांगून टाकलं होतं, "पोरगी दडपणाखाली आली." खरं काय झालं ते नमितानं घरी येऊन फक्त वहिनीला सांगितलं.

"तो शेवटचा शॉट पुन्हा घेऊया," सुयोग म्हणाला. "साहेब, तुम्ही लोडरच्या खुर्चीत बसा. इमोशनल होईल."

साहेब लगेच बसले. त्यांना अशा गोष्टी दोनदा सांगाव्या लागत नसत.

नमितानं सुयोगला जवळ बोलावलं. "मोठा कॅमेरा साहेबांच्या तोंडासमोर लाव. आणि छोटा आहे ना, तो हातांवर. अगदी जवळ."

"झकास, ताई."

वहिनी मागच्या बाकावर बसली होती. तिनं नमिताकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ती हसत होती.

कॅमेरा सुरू झाला. साहेबांनी डबीतून छर्रा उचलला, हनुवटी वर केली, डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न केला आणि कॅमेऱ्याकडे बघतच छर्रा आत सरकवला. बोल्ट बंद केला. वर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मार बेटा. देश बघतोय."

नमितानं श्वास सोडला, काळा गोल मधोमध घेतला आणि ट्रिगर दाबला. तोच फुटका आवाज. इतकी वर्षं कानात राहिलेला तो आवाज तिला आज गोड लागला.

कागद सरकत जवळ आला. भोक सातात होतं, फाटक्या कडांचं.

"असंच झालं होतं," साहेब हळहळले. "हिचा हात..."

"सुयोग," नमिता म्हणाली, "छोट्या कॅमेऱ्यातलं दाखव. साहेबांनापण दाखव."

सुयोगनं स्क्रीन फिरवली. साहेबांची सोन्याची अंगठी, तिच्याखाली दोन बोटं आणि बोटांत छर्रा. छर्र्याला एका बाजूला डोकं असतं, दुसऱ्या बाजूला परकरासारखा घेर. डोकं पुढे जायला हवं. इथे घेर पुढे होता.

"हे उलटं आहे का?" सुयोगनं विचारलं.

"तेव्हापण उलटंच होतं," मागून वहिनी म्हणाली. "मासळीवाल्या बाईला कळतं रे एवढं."

साहेबांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, मग मान पुसली. म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. ते वाक्य काढून टाका. जुनं कशाला उकरायचं."

सकाळपासून तिला हेच हवं होतं. आता मात्र तिनं ब्लेझरमध्ये भिजलेल्या त्या माणसाकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

"नको साहेब, वाक्य चांगलं आहे, राहू दे," ती म्हणाली. "सुयोग, हे फुटेज त्या वाक्यावर लाव. आणि हात कुणाचा, तेवढं नीट लिही."